ला मोटची बैलजोडी

वारसा ही गंभीर बाब आहे. तो जपावा लागतो, आणि जपायचा तर आधी कोणीतरी तो पाडायला घ्यावा लागतो.

सिंगापूरच्या ‘ला मोट’ काँडोत स्विमिंग पूलशेजारी एक लाकडी चाक होतं. माहितीपत्रकात लिहिलं होतं की फ्रान्समधल्या एका ऐतिहासिक शेतावर नदीचं पाणी असल्याच चाकांनी उचलत, त्याची ही आठवण. (इथे पंप पाणी वर नेई आणि ते पाणी चाक फिरवी. पिके ते फक्त वीजबिल.) ऐंशी टक्के रहिवाशांनी या चाकाकडे कधी पाहिलं नव्हतं. उरलेल्या वीस टक्क्यांनी त्यावर टॉवेल वाळत घातले होते.

रघुवीर मात्र रोज संध्याकाळी चाकाखालच्या बाकावर बसे. तुआसच्या गोदीत दिवसभर जहाजांचे पंप दुरुस्त करून आलेल्या माणसाला सबंध काँडोत हीच एक जागा होती, जिथे मोबाइलला रेंज नव्हती. म्हणजे साहेबही नव्हता.

“रघ्या, सोमवारी उडालं तुझं चाक,” शेजारचा बँकवाला चारुदत्त म्हणाला. “कमिटी पिकलबॉलचं कोर्ट करतेय.”

“हात तर लावू दे!”

“लागली पैज?”

“लागली. काँडोचं नाव मोट ना? हरेल तो बैल. सगळ्यांदेखत मोट ओढायची.”

“फ्रेंचमध्ये मोट म्हणजे मातीचा ढीग, गाढवा.”

“गाढव नाही रे. बैल.”

शनिवारी सकाळी रघुवीरने चाकासमोर लाल दोरी बांधली. पाटी लावली नाही. पाटी वाचली की लोकांना शंका येतात. बायको कुमुद आणि तिच्या भिशीतल्या चौघी, एवढ्यांना फक्त ओळीत उभं केलं.

सिंगापूरचा कायदा (अलिखित, म्हणून कडक) असा, की रांग दिसली की उभं राहावं. कशाची ते मागाहून विचारावं. जेवणवेळेपर्यंत रांग लिफ्टला भिडली. काहींनी जागा धरायला टिश्यूची पाकिटं ठेवली. टिश्यूचं पाकीट म्हणजे इथला सातबारा.

“आंटी, धिस क्यू फॉर व्हॉट?”

“हेरिटेज,” कुमुद म्हणाली. “फ्रेंच.”

“वाह! मस्ट सी, लाह!”

कमिटीच्या अध्यक्ष मिसेस लिम स्वतः तासभर उभ्या राहिल्या. तासभर उभं राहिलेला माणूस समोरच्या वस्तूला भंगार म्हणू शकत नाही. त्याच संध्याकाळी ठराव झाला: चाक हा वारसा, टॉवेलला बंदी, पिकलबॉल लहान मुलांच्या घसरगुंडीच्या जागी, आणि वारसास्थळी मोफत वायफाय.

रविवारी चारुदत्तने शब्द पाळला. खांद्यावर दोर, दोराला बादली, बादली पूलमध्ये, आणि धाव म्हणून व्हीलचेअरचा उतार. मोटेचा बैल पाणी ओढत उतार उतरतो आणि उलट्या पावलांनी वर येतो, हे बँकेत शिकवत नाहीत.

“पप्पा, रिव्हर्स, लाह!” त्याची लेक ईशा शूटिंग करत ओरडली.

“हो हो, सर्जा, मागे!” रघुवीर बाकावरून हाकत होता. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात फोन वाजला. त्या बाकावर, जन्मात पहिल्यांदा. वायफायवरून साहेब होता. पंप बंद पडला होता, ताबडतोब या.

कुमुदने दोराचं मोकळं टोक शांतपणे त्याच्या गळ्यात अडकवलं. “ऊठ. बाक गेला तुझा. आणि मोटेला जोडी लागते.”

दोघे खाली गेले, दोघे उलटे वर आले. टाळ्या झाल्या. मिसेस लिमनी हा खेळ दरवर्षी ठेवायचं जाहीर केलं.

फ्रान्समधलं ते शेत खरंच आहे का, हे रांगेतल्या एकानेही विचारलं नाही. हसू नका. तुम्ही तरी कुठे विचारलंत? रांग दिसली, राहिलात उभे.