वाऱ्याविरुद्ध गेलेले नारळ

"पाणी वाऱ्याविरुद्ध जात नसतं, मॅडम. तुमचं यंत्र बिघडलं असेल," पुण्याचे साहेब फोनवर हसले आणि डॉ. सत्यभामाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

"यंत्र ठणठणीत आहे!" त्या कडाडल्या. "आकडे खोटे निघाले तर माझा प्रकल्प खुशाल बंद करा!"

रागाच्या भरात माणूस असलं काहीतरी बोलून बसतो. खरं तर केळापूर तालुक्यातल्या या तळ्यावर त्यांना आणखी दोन वर्षं हवी होती. तळ्यातलं पाणी फिरतं कसं आणि बंजाऱ्यांच्या तांड्याकडच्या काठाला साचणारं हिरवं शेवाळ येतं कुठून, याचा छडा लावायचा होता. खात्याने दिलेले महागडे तरंगते डबे पहिल्याच आठवड्यात बुडाले, तेव्हा बाईंनी सरळ बाजारातून नारळ आणले. नारळ पाणी नेईल तिकडे जातो. लांबून दिसावेत म्हणून त्यांना शेंदरी रंग फासला आणि खाली ठावठिकाणा कळवणारं यंत्र बांधलं.

रोज सकाळी बाई चिखलात चपला रुततात म्हणून अनवाणी उतरत. डोळे मिटून वारा कोणत्या गालाला लागतो ते बघत, ती दिशा हळूच मोबाइलमध्ये बोलून ठेवत आणि नारळ अलगद सोडत. दुपारपर्यंत ते वाऱ्याबरोबर तांड्याच्या काठाला लागत. इथवर सगळं ठीक होतं. पण संध्याकाळी तेच नारळ वाऱ्याच्या नाकावर टिच्चून तळ्याच्या मध्यावर परत जात होते!

"आता डोळ्यांनीच बघते," म्हणत त्या संध्याकाळी तळ्यावर पोहोचल्या. पाहतात तो काय, तांड्यावरच्या बसंतीबाई कमरेएवढ्या पाण्यात उभ्या, आणि त्यांचा नवरा लखीराम ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून नारळ मध्यावर घेऊन निघालेला.

"अहो! कोणी सांगितलं हात लावायला?"

"सांगाले कायले पाह्यजे?" बसंतीबाई म्हणाल्या. "तुमचा नवस परतून राह्यला ना, बाई. आमच्या तांड्यात नवसाचा नारळ काठाले लागला, त तो कबूल नाही झाला समजते. मंग मधात नेऊन सोडा लागते. रोज नेऊन राह्यलो आमी."

"नवस? कसला नवस?"

"शेंदूर लावता, अनवानी येता, डोये मिटून पुटपुटता. आता आमच्यापासून कायले लपवता?"

"तो शेंदूर नाही, ऑइलपेंट आहे! आणि मी पुटपुटत नाही, वाऱ्याची दिशा सांगते!"

"असन. पन माह्या नवऱ्याचं कंबरडं मोडलं ना तुमच्यापायी!" आता बसंतीबाईही भडकल्या. "आभार त दूरच, वरून आमच्यावरच वरडून राह्यल्या!"

"अहो, पण मी नवस करीन तरी कशाचा?"

"बदलीचा," ट्यूबवरून लखीराम शांतपणे म्हणाला. "या तयावर येनारा परतेक साहेब बदलीच मांगते. मांगचा साहेब त रडे बी."

सत्यभामाबाई तरातरा घराकडे निघाल्या. माझं संशोधन, माझी मेहनत, आणि वर ही माणसं मलाच सुनावतात! पण खोटं लिहिणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. दात-ओठ खात त्यांनी खरं काय ते पुण्याला कळवलं. साहेबांनीही बाईंचा शब्द अगदी आनंदाने पाळला. प्रकल्प बंद झाला, आणि बाईंची बदली थेट पुण्याच्या मुख्य कार्यालयात झाली.

त्या निरोप घ्यायला तांड्यावर गेल्या, तर बातमी आधीच पोहोचलेली.

"पावला की नाही!" बसंतीबाईंनी त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. "सेवाभायाची दया!" म्हणत त्यांनी तांड्यावरच्या देवळाकडे हात जोडले. लखीराम एका हाताने कंबर धरून, पण तोंडभर हसत उभा होता.

"मला जायचंच नव्हतं हो!" सत्यभामाबाईंचा आवाज संतापाने चिरकला आणि डोळे भरून आले.

बसंतीबाईंनी कपाळाला हात लावला. "मंग आधी काहून नाही सांगितलं? आमी उगाच जीव काढला ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई तळ्यावर आल्या. हातात एकच नारळ होता, आणि त्याला यंत्र नव्हतं. चिखल केव्हाच वाळला होता, तरी त्यांनी चपला काढल्या. डोळे मिटले, बराच वेळ पुटपुटल्या आणि नारळ पाण्यात सोडला. मग बाभळीखाली बसून राहिल्या.

वारा नेहमीसारखाच वाहत होता. दुपारी नारळ मुकाट्याने काठाला लागला. सत्यभामाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, घसा खाकरला आणि तांड्याकडे तोंड करून हाक मारली, "लखीरामभाऊ, ती ट्यूब जरा रिकामी आहे का हो?"