राज्य वाढल्याची हकिकत

श्री कुलदेवता प्रसन्न असो, आणि नसल्यास निदान जागी असो. शके सोळाशे अडुसष्ट, क्षयनाम संवत्सरे, पौषमासी त्या समुद्रकाठच्या राज्याचे काय जाहले ते साहेबी पुसिले, सबब सेवक ऐकिले तैसे निवेदन करितो.

क्षय हा शब्द येथे उच्चारिला, त्या राज्यात उच्चारता तर जिभेस डाग मिळता. कारण थोरल्या महाराजांस अपशकुनाचे भय मोठे. बांगडी फुटली न म्हणता वाढली म्हणावे, दिवा विझविला न म्हणता वाढविला म्हणावे, दुकान मिटले न म्हणता वाढविले म्हणावे, ही आपल्या बायकामाणसांची रीत गोडच आहे. परंतु महाराजांनी तिचा हुकूम केला, आणि मग बांध फुटला तरी वाढला, पूल कोसळला तरी वाढला, आणि माणूस गेला तरी तोही वाढला, ऐसे बोलणे भाग पडले. दोन पिढ्या लोटल्या आणि त्या शब्दास दुसरा अर्थ होता हेच लोक विसरले. झाड मोठे जाहले तर उंचावले म्हणत, आणि पानात भात वाढा न म्हणता भात घाला म्हणत. शहाण्यांचे राज्य, काय सांगावे!

पुढे पाऊस लागोपाठ चुकला आणि धान्याची पेवे रिकामी पडली, आणि धाकटे महाराज, जे स्वभावे दयाळू, त्यांनी सातासमुद्रापलीकडील थोरल्या दरबाराकडे मदत मागितली. मग तेथील वकील गलबतांचा तांडा घेऊन बंदरी आला. हसतमुख गृहस्थ. समागमे दुभाषी, तो आपली भाषा परदेशी बसून पोथ्यांवरून शिकलेला. वकील सभेत बोलिला, “गलबते धान्याने भरली आहेत. परंतु आमचा रिवाज ऐसा की जे राज्य वाढते त्यासच मदत करावी. तरी राज्य वाढवा.”

महाराजांचे तोंड उतरले. दिवाण त्रिंबकपंत चाचरत पुसते जाहले, “सगळेच वाढवावे?”

“जितके वाढवाल तितके उत्तम. आरंभ पाठशाळा आणि वैद्यशाळांपासून करा.”

पंत घरी येऊन कपाळास हात लावून बसले. मग म्हणाले, “त्यांच्या घरी कोठारे भरलेली, आपल्या घरी उंदीर उपाशी. त्यांचे शास्त्र खोटे कसे म्हणावे?” आणि दुसरे दिवसापासून राज्य वाढवू लागले. पाठशाळा वाढविल्या, मुले घरी धाडिली. वैद्यशाळा वाढविली, दारास कुलूप घातले आणि मुळ्या उकिरड्यावर टाकिल्या. बाजार वाढविला. विहिरी वाढविल्या, म्हणजे दगडांनी बुजविल्या. रोज वकिलास वर्दी जाई की आज हे वाढले, आज ते वाढले, आणि वकील गलबतावर बसून मान डोलावी. मग लोक भुकेने वाढू लागले, तीही वर्दी गेली, तेव्हा मात्र वकिलाच्या कपाळी आठी पडली. म्हणाला, “लोक इतके वाढू देऊ नका. तुमच्या दारिद्र्याचे मूळ तेच आहे.” पंत हात जोडून म्हणाले, “आम्ही वाढवीत नाही, साहेब. ते आपोआप वाढतात.” धान्य जेथल्या तेथे राहिले.

शेवटी दिवे आणि चुली वाढविण्याचा हुकूम निघाला. दिवस मावळला की नगर काळे होई आणि माणसे एकमेकांस खोकल्यावरून ओळखीत. कुत्री भुंकत नसत. मुले रडत नसत, हे अधिक वाईट. वकील म्हणे, “काय ही शांतता! वाढत्या राज्याचे लक्षण.”

सगळ्या राज्यात एक दिवा उरला. तो पंतांच्याच घरी, कन्या सगुणाबाई बाळंत जाहली होती तिच्या खोलीत. थंडी हाडे फोडणारी, म्हणोन बाजेखाली शेगडी. पंत दारी येऊन उभे राहिले.

“पोरी, दिवा आणि शेगडी वाढवावी लागते. आपलीच राहिली, तेवढ्यासाठी धान्य अडले ऐसे नको व्हायला.”

सगुणाबाईने बाळ पदराखाली घेतले. म्हणाली, “वाढवा म्हणू नका, बाबा. विझवा म्हणा. तुमच्या तोंडून तो शब्द आला तर मी आपल्या हाताने विझवीन.”

पंतांनी तोंड उघडिले. शब्द येईना. मग उपरण्याने दिवा झाकला आणि शेगडीवर पाणी ओतिले आणि माघारी वळले. पहाटे बाळ निळे पडले. पंत त्यास उराशी धरून वैद्यशाळेकडे धावले, आणि तेथे कुलूप होते, आणि ते त्यांनीच घातलेले होते. सेवकास हे लिहिताना राग येतो, तो लपवीत नाही.

उजाडता वकील सभेत आला. संतोष पावून म्हणाला, “दिवाणजी, नातू जाहला ऐकिले. कसा आहे?”

पडद्याआडून सगुणाबाई मोठ्याने बोलली, “मेला.”

दुभाषी घोटाळला. हा शब्द त्याने त्या दरबारी कधी ऐकिला नव्हता, म्हणोन आपल्याच कानांवर विश्वास बसेना. त्याने पंतांस पुसिले, “बाई काय म्हणाल्या?” सगळी सभा पंतांच्या ओठांकडे पाहू लागली, आणि महाराजही पाहू लागले. पंतांचे डोळे वाहिले, आणि जन्मभराच्या सवयीने जीभ बोलिली, “वाढला.”

दुभाष्याने तैसेच सांगितले. वकील आनंदे उठून पंतांस आलिंगन देता जाहला. म्हणाला, “एका रात्रीत! जेथे बाळे ऐसी वाढतात तेथे आमच्या धान्याची काय गरज? हे ज्यांस खरी निकड आहे तेथे नेतो.” आणि शिडे उभारिली, आणि भरली गलबते दुपारच्या आत दिसेनाशी जाहली.

तात्पर्य, थोरल्या दरबारी त्या राज्याचे नाव आजही वाढत्या राज्याचा दाखला म्हणोन घेतात. त्या राज्यात आता राहते कोणी नाही. इतकेच.