शेवंतीवरचा आकाशकंदील

नोव्हेंबर अर्धा संपला तरी माधवरावांच्या शेवंतीला एक कळी नव्हती. नुसती पानं. तीही अशी माजलेली की दूधवाल्याने विचारलं, "भाईसाब, पालक है क्या?"

महिनाअखेर बागांची स्पर्धा. परीक्षक घरोघरी येऊन बघणार. गेली तीन वर्षं ढाल थाटीपुरच्या विश्वासरावांकडे होती. यंदा ती आपल्या कंपू मोहल्ल्यात आणणार, असं माधवरावांनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं. चूक तिथेच झाली.

ऊन कमी पडतंय असं वाटून कोजागिरीलाच त्यांनी कुंड्या गॅलरीत आकाशकंदिलाखाली मांडल्या होत्या. "दिवसा ऊन, रात्री बल्ब. डबल ड्यूटी!" कळी येईना म्हणून त्यांनी सरसोंच्या ढेपेचं खतपाणी घातलं. तरी येईना. मग कंदिलातला बल्ब काढून शंभर वॅटचा लावला. पानं आणखी खूश.

शेवटी भाची आली. अवंतिका, ॲग्रिकल्चर कॉलेजवाली. वर कंदिलाकडे बघून हसायलाच लागली.

"मामा, यांना झोपू तरी द्या! शेवंतीला लांब काळोखी रात्र लागते, तेव्हा कळी धरते. रात्री उजेड पडला की तिला वाटतं अजून गर्मीच चालू आहे."

"पण आधी तर एवढासा बल्ब होता!"

"एवढासा बल्ब रात्रभर काय आणि हॅलोजन थोडा वेळ काय, असर तोच. तेज कमी तर वेळ जास्त, बस्स. तुम्ही तर दोन्ही दिलंत."

"शामला! आधी तो कंदील बंद कर!"

शामलाबाई लाटणं घेऊनच बाहेर आल्या. "काहीतरीच! कोजागिरी ते त्रिपुरी आपला कंदील विझत नाही. सासूबाईंना शब्द दिलाय मी."

"अगं, पण फुलं..."

"फुलं बाजारात मिळतात. फारच अडत असेल तर दुसऱ्या कुणाकडे नेऊन लावा. पण पेटता राहिला पाहिजे."

माधवरावांनी वर कंदिलाकडे पाहिलं. मग हळूच हसले.

"मामा, पण अजून एक सांगायचं राहिलं..."

"आल्यावर सांग."

थाटीपुरला विश्वासरावांच्या कुंड्यांत टपोऱ्या कळ्या होत्या. पिवळा रंग दिसायला लागला होता.

"यंदा आमचा कंदील तुमच्याकडे," माधवराव म्हणाले. "त्रिपुरीपर्यंत विझवायचा नाही, बरं का."

"अरे वा! भई, हे एकदम काय सुचलं?"

"प्रेम."

"लावू कुठे?"

"शेवंतीवरच लावा. शोभून दिसेल."

शीळ घालत ते घरी आले. "हं, काय सांगत होतीस?"

"हेच की उजेडाची भीती कळी धरायच्या आधी. एकदा रंग दिसायला लागला की मग वर सर्चलाइट लावा, काही फरक पडत नाही."

शीळ बंद झाली. "म्हणजे काहीच बिघडणार नाही?"

"कुणाचं?"

"कुणाचंच," माधवराव म्हणाले.

परीक्षक निघाले तेव्हा रस्त्यात लग्नाची बारात आडवी आली. पोचेपर्यंत सगळीकडे अंधार. घरोघरी मोबाइलच्या टॉर्चमध्ये फुलं बघितली. पांढरी काय, गुलाबी काय, सगळी फरशीच्या पोछ्यासारखी दिसली. कंपूत त्यांनी टॉर्च फिरवून विचारलं, "फुलों वाला सेक्शन किधर है?" थाटीपुरला मात्र शंभर वॅटखाली पिवळीजर्द शेवंती लखलखत होती. परीक्षकांनी तिच्याबरोबर फोटोही काढून घेतले.

बक्षीस समारंभात विश्वासरावांनी माइक हातात घेतला. डोळे भरलेले.

"ही ढाल माझी नाही. आजकाल प्रतिस्पर्ध्याच्या बागेत उजेड करणारा माणूस मिळतो कुठे? यंदा ढाल वर्षभर माधवरावांच्या घरी राहील!"

टाळ्या थांबेनात. शामलाबाईंनी पदराने डोळे टिपले.

तर ढाल कंपूत आली. दिवाणखान्यात अगदी समोरच आहे. तिच्यावर विश्वासरावांचं नाव चार वेळा कोरलंय. नवा पाहुणा आला की वाचतो आणि विचारतो, "हे विश्वासराव कोण?"

माधवराव आधी शामलाबाईंकडे बघतात.

"मित्र," म्हणतात.