त्रेसष्ट प्रश्नांचा फॉर्म

गल्लीतल्या दवाखान्यात बावीस वर्षं लोकांची पोटं दाबून झाल्यावर डॉक्टरांना वाटलं, आता आपण संशोधन करावं. विषय भारदस्त घेतला: आतड्याचा आणि यकृताचा दाह गल्लीतल्या डॉक्टरच्या ध्यानात उशिरा का येतो. उत्तर त्यांना रोज दाढी करताना दिसत होतं. पण आरशाचा संदर्भ निबंधात देता येत नाही.

संशोधन समितीने त्रेसष्ट प्रश्नांचा फॉर्म मान्य केला. अट एकच, तो आधी पूर्णपणे निरोगी माणसावर तपासून घ्यावा. डॉक्टरांनी बाहेरच्या बाकांवर नजर टाकली. तिथे निरोगी माणूस सापडणं धंद्याला बरं नव्हतं. म्हणून त्यांनी स्वतःलाच निवडलं.

पोटात कळा येतात? येतात. शौचातून रक्त? अधूनमधून. वजन घटलं? पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली होती. किती महिने? सात. उपचार? ‘ॲसिडिटी आहे’ असं स्वतःला सांगितलं. फॉर्मने निकाल दिला: ताबडतोब मोठ्या रुग्णालयात पाठवा.

“सात महिने मी वेगळं काय सांगतेय?” बायको म्हणाली. “फॉर्म माझ्या माहेरचा दिसतोय.”

“अगं, फॉर्म चुकलाय. निरोगी माणसाला आजारी ठरवतोय.”

“आणि माणूस निरोगी कशावरून?”

“समितीच्या अटीवरून.”

समितीलाही हे पटलं. रक्ताचा प्रश्न गाळला. डॉक्टर आजारीच निघाले. वजनाचा गाळला, तरी तेच. बैठकीवर बैठक झाली. प्रत्येकीतून डॉक्टर तीन-तीनदा पोट धरून बाहेर जात आणि इतिवृत्तात ‘अध्यक्षांच्या परवानगीने’ अशी नोंद होई. अखेर नाव आणि वय एवढे दोनच प्रश्न उरले, तेव्हा डॉक्टर एकदाचे निरोगी ठरले. मग चारशे रुग्णांनी तो फॉर्म भरला. एकही आजारी निघाला नाही. निबंध गाजला. रुग्णालयांनी फॉर्म हातोहात उचलला, कारण तपासणीच्या रांगा एका दिवसात ओसरल्या.

गौरवाचं प्रमाणपत्र घेताना डॉक्टर व्यासपीठावरच मटकन खाली बसले. डोळे पिवळे दिसत होते. लोकांना वाटलं, दिव्यांचा उजेड. बायकोने दंडाला धरून त्यांना थेट मोठ्या रुग्णालयात नेलं. वाटेत बजावलं, आता सगळं खरं सांगायचं. डॉक्टरांनी लहान मुलासारखी मान हलवली. त्रेसष्टच्या त्रेसष्ट उत्तरं त्यांच्या जिभेवर होती.

नर्सने फॉर्म पुढे केला. नाव. वय.

“बाई, आणखी काही विचारा ना,” डॉक्टर म्हणाले.

“विचारायचं नसतं, काका. फार मोठं संशोधन झालंय यावर.”

तळाशी संशोधकाचं नाव छापलेलं होतं. वर पेशंटचंही तेच. नर्सला योगायोगाचं कौतुक वाटलं आणि तिने ‘निरोगी’चा शिक्का मारला. डॉक्टरांनी कागद उलटा करून ‘मला दुखतंय’ असं लिहायला घेतलं.

“मागची बाजू कोरी ठेवायची असते,” नर्स समजुतीने म्हणाली. बायकोने डॉक्टरांच्या पाठीवर हात ठेवला.

आता खुशाल हसा. फक्त आज सकाळी ‘तब्येत कशी आहे’ असं कुणी विचारलं तेव्हा तुम्ही काय उत्तर दिलंत, तेवढं आठवा आणि मग हसा.