एकशे चार शनिवारांचं जाळं

रविवारच्या फेरीचा शेवट आमच्या बाल्कनीत करायचा, असं मी ठरवलं आणि तिथेच फसलो.

आठवडाभर मी ऑफिसात फायली हलवतो आणि रविवारी लोकांना नदीकाठी पाखरं, किडे दाखवत हिंडवतो. (शिक्षण? वाचनालयात, पंख्याखाली.) बाल्कनीतल्या कोळ्यावर माझा खास शोध होता: तो दर शनिवारी जुनं जाळं मोडतो आणि रविवारी सकाळी नवं विणून तयार. एकशे चार शनिवारांच्या नोंदी होत्या माझ्याकडे. या वेळी फेरीला प्राणिशास्त्राच्या प्राध्यापक बाई येणार होत्या. त्यांनी हसण्यावारी नेलं असतं, तर पुढच्या रविवारी माझ्यामागे कुत्रंही आलं नसतं.

शनिवारी जिवाला चैन पडेना. एरवी शनिवारी दुपारी मी उद्याच्या फेरीचा रस्ता पाहून ठेवायला नदीवर जातो. त्या दिवशी बाल्कनीतच स्टूल टाकून बसलो. उठलो, बसलो, पुन्हा उठलो. कोळी हलेना.

"अहो, नदीवर जायचं नाही का आज?" बायकोने चौथ्यांदा विचारलं.

"नाही."

"जरा बाजूला तरी व्हा."

"अगं, विज्ञानाचा प्रश्न आहे."

ती पाय आपटत आत गेली. अंधार पडेपर्यंत मी तिथून उठलो नाही.

रविवारी अठरा माणसं बाल्कनीत कोंबून मी बोट वर केलं. प्राध्यापक बाईंनी चष्मा पुसला.

"हे जाळं आठवडाभराचं दिसतंय. धूळ बसलीये."

मी घाईघाईने नोंदींची वही पुढे केली. तेवढ्यात बायको पाण्याचे ग्लास घेऊन आली आणि शरमून म्हणाली, "माफ करा हं. दर शनिवारी हे नदीवर गेले की मी जळमटं काढते. काल हे जागचे हललेच नाहीत."

अठरा माणसं खो खो हसली. मला बाल्कनीतून उडी मारावीशी वाटली. (पहिला मजला. नुसता पाय मुरगळला असता.)

बाई मात्र गंभीर होत्या. "एकशे चार वेळा घर मोडूनही कोळी जागा सोडत नाही, ही नोंद मोलाची आहे. पुढे चालू ठेवा. फक्त जाळं काढणारा आणि नोंद ठेवणारा माणूस एकच हवा."

बायकोने तिथल्या तिथे माझ्या हातात लांब दांड्याचा झाडू दिला.

तेव्हापासून दर शनिवारी ती मैत्रिणींबरोबर नदीवर फिरायला जाते आणि मी जळमटं काढतो. फक्त बाल्कनीतली नव्हे, सगळ्या घरातली. तुलनेसाठी बाकीच्या खोल्याही घ्याव्या लागतात, असं बायकोचं म्हणणं आहे, आणि प्राध्यापक बाईंनी ते लेखी मान्य केलं आहे.