चेहऱ्याचा गंज

ज्या माणसानं खापरखेड्याच्या वीज केंद्रात एकतीस वर्षं बॉयलरचं पाणी तपासलं, त्याला एक चेहरा सांभाळणं काय जड आहे, असं अनंतरावांचं स्पष्ट मत होतं.

"बॉयलरच्या नळ्या गंजू नये म्हणून आम्ही पाण्यात प्राणवायू खाणारं औषध टाकत होतो," ते लेकीला समजावून सांगत होते. "तुझ्या ह्या बाटलीत दुसरं काय आहे? व्हिटॅमिन सी. तेही तेच काम करते. उन्हानं न् हवेनं कातडी गंजते, त्याले लोक म्हातारपण म्हणतात."

वेदिकाला हिंगण्याची कंपनीची बस गाठायची होती. तिनं बापाच्या हातातून आपली करंगळीएवढी सिरमची बाटली सोडवून घेतली.

"ते ठीक आहे बाबा, पण तुम्ही काहून वाचून राहिले हे?"

"सहज."

सहज वगैरे काही नव्हतं. आदल्या दिवशी अनंतराव आणि त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाई बर्डीवरच्या बाजारात साडी घ्यायला गेले होते. वेदिकाचं साक्षगंध पंधरा दिवसांवर आलं होतं. पुण्यामुंबईकडे ज्याला साखरपुडा म्हणतात ते आमच्याकडे साक्षगंध, आणि मुलाकडचे दोनशे लोक येणार होते. दुकानातल्या सेल्समननं तीस साड्या उलगडल्या, मग अनंतरावांकडे बघून कळवळला. "ताई, वडलांले खुर्चीवर बसू द्या ना. थकले ते."

प्रमोदिनीबाई नवऱ्याहून अवघ्या पाच वर्षांनी लहान. त्या इतक्या हसल्या की बिचारा सेल्समनही हसू लागला. अनंतरावही हसले, कारण एकट्यानं न हसता उभं राहणं फारच वाईट दिसलं असतं. पण घरी आल्यावर त्यांनी बाथरूमचं दार लावून आरशात बराच वेळ पाहिलं. कपाळावर आठ्या, डोळ्यांच्या कडेला जाळी, गालांवर भट्टीसमोरचा जुना काळपटपणा. दोनशे लोकांसमोर बायकोच्या शेजारी उभं राहायचं आणि कोणीतरी पुन्हा वडील म्हणायचं, ही कल्पनाच त्यांना सोसेना. त्यांना हिरो व्हायचं नव्हतं. प्रमोदिनीचा नवरा दिसले असते तरी पुरे होतं.

म्हणून त्यांनी सिरम स्वतः तयार करायचं ठरवलं. व्हिटॅमिन सीची पावडर इतवारीच्या बाजारातून आणली. शुद्ध पाणी म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकतात त्या पाण्याचा कॅन आणला. आम्लता तपासायच्या पट्ट्या नोकरीची आठवण म्हणून कपाटात होत्याच. आता सिरम लागतं थेंबभर, पण ज्याचं आयुष्य टनावारी पाण्यात गेलं त्याला थेंबाचा हिशेब कुठून येणार? त्यांनी पाऊण लिटर केलं! शरबताच्या काचेच्या बाटलीत भरलं आणि घरात कोणाला दिसू नये म्हणून बाथरूममध्ये गिझरच्या मागे लपवून ठेवलं.

सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी अनंतराव चष्मा काढून तोंड धुवायचे आणि सिरम चोपडायचे. चौथ्या दिवशी गालांवर हलकी पिवळसर छटा आली. हाच तो तजेला, असं समजून ते खूश झाले. पाचव्या दिवशी छटा गडद झाली, तीही कुठे आहे कुठे नाही अशी, नवशिक्यानं चुना मारल्यागत. रंग सारखा व्हावा म्हणून त्यांनी मात्रा दुप्पट केली.

सहाव्या दिवशी ते गॅलरीत पेपर वाचत बसले होते. प्रमोदिनीबाई चहा घेऊन आल्या आणि कप हातातच धरून उभ्या राहिल्या.

"अजी, इकडे उजेडात पहा बरं. हात दाखवा."

हातही पिवळे होते. चोपडतो त्याच हातांनी ना!

"कावीळ," त्या एवढंच म्हणाल्या आणि खाली बसल्या.

खरं तर तिथेच सांगून टाकायला हवं होतं. पण बासष्टाव्या वर्षी बायकोला काय सांगणार, मी तरुण दिसायला तोंडाला औषध लावतो? अनंतराव गप्प बसले, आणि ते गप्प बसणं त्यांना फार महागात पडलं. त्याच मिनिटापासून तेल बंद, तिखट बंद. रविवारचे झणझणीत रश्श्याचे तर्री पोहे गेले, आणि सकाळ-संध्याकाळ मुगाचं पाणी सुरू झालं. प्रमोदिनीबाईंचे भाऊ बाबाराव रोज वाडीहून मोटरसायकलवर उसाचा रस घेऊन येऊ लागले. रस पोटात गेल्याशिवाय ते हलत नसत.

डॉक्टरांनी पापण्या खाली ओढून पाहिलं. "डोळे तर पांढरेशुभ्र आहेत. गाजर, पपई जास्त खाता का?"

"नाही."

"चेहऱ्याला काही लावता?"

प्रमोदिनीबाई शेजारीच बसल्या होत्या.

"साबण," अनंतराव म्हणाले.

रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. अनंतरावांना वाटलं, सुटलो. पण प्रमोदिनीबाईंचा चेहरा आणखी उतरला. कावीळ असती तर बरी तरी झाली असती. कावीळ नाही आणि माणूस दिवसेंदिवस पिवळा होतो, म्हणजे डॉक्टरलाही न सापडणारं काहीतरी आहे, असा त्यांनी अर्थ काढला. त्यांनी साड्यांची पिशवी कपाटात टाकली ती उघडलीच नाही. वरण वाढताना त्या नवऱ्याकडे अशा बघत की अनंतराव ते बेचव वरणही दोनदा मागून घेत.

साक्षगंधाला चार दिवस राहिले. अनंतराव अंघोळ करून बाहेर आले तेव्हा प्रमोदिनीबाई ऋषिकेशच्या आईशी, म्हणजे होणाऱ्या विहीणबाईंशी फोनवर बोलत होत्या. वेदिका शेजारी पाय पोटाशी घेऊन बसली होती.

"ह्यांची तब्येत बरी नाही. महिनाभर पुढं ढकललं तर चालन का, असं विचारून राहिली होती मी..."

अनंतरावांनी वेदिकाकडे पाहिलं. तिच्या बोटांत मेंदीवालीचं कार्ड होतं आणि ते चुरगळून पार बारीक झालं होतं.

"प्रमोदिनी, त्यांना म्हण नंतर फोन करते," अनंतराव म्हणाले. मग आत गेले आणि गिझरमागची बाटली आणून टेबलावर ठेवली. त्यांनीही ती आज पहिल्यांदाच चष्मा लावून बघितली. आत कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी होतं.

"गिझरच्या मागं लपवून ठेवून हे लावून राहिलो मी तोंडाला. त्या दुकानातल्यानं वडील म्हटलं ना, तेव्हापासून."

मग वेदिकानं बाटली उचलून उजेडात धरली.

"बाबा, सिरमचा रंग बदलला की फेकून द्यायचं असते. हवा न् गरमी लागली की खराब होते ते, न् मग कातडीवर रंग धरते. गिझरच्या मागं ठेवलं? तुम्ही?"

एकतीस वर्षं हवेला शत्रू मानलेल्या माणसाला लेकीनं हे सांगावं! अनंतरावांनी मान खाली घातली. आता बायको हसेल, बर्डीवर हसली तशी, आणि पुढे प्रत्येक लग्नात ही गोष्ट सांगेल, अशी त्यांनी मनाची तयारी केली.

प्रमोदिनीबाई हसल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"त्या दिवशी मी काहून एवढी हसली, माहीत आहे तुम्हाले? तो वडील म्हणाला न् मले धस्स झालं. वाटलं, हे एवढे थकले न् मले दिसलंच नाही. हे गेले तर मी काय करू. रडू येऊन राहिलं होतं, दुकानात कुठं रडता येते, म्हणून हसली. न् त्यावर तुम्ही पिवळे झाले."

"अवं, पण मी..."

"चूप बसा. बेसन आणते."

पुढचे चार दिवस बेसन, दही आणि खरखरीत टॉवेल. प्रमोदिनीबाई रोज दोनदा नवऱ्याचं तोंड भांडं घासावं तसं घासत आणि घासताना रागावत. विहीणबाईंना तब्येत एकदम सुधारल्याचं कळवण्यात आलं. गाल साफ निघाले, पण जिथे टॉवेल पोचत नव्हता तिथे, म्हणजे नेमका सुरकुत्यांमध्ये, रंग मुरून बसला. पूर्वी ज्या रेषा जवळून दिसत, त्या आता कोणीतरी पेन्सिलनं आखल्यासारख्या लांबूनही मोजता येत होत्या.

साक्षगंधाच्या दिवशी अनंतराव स्टेजवर नव्या कुर्त्यात उभे राहिले. शेजारी प्रमोदिनीबाई नव्या साडीत इतक्या छान दिसत होत्या की अनंतरावांनी मनातल्या मनात हार मानली. फोटोग्राफरनं दिवे लावले आणि प्रमोदिनीबाईंना नवऱ्याच्या कानामागे एक पिवळा पट्टा दिसला. त्यांनी दोनशे लोकांसमोर नवऱ्याची हनुवटी धरली, पदराचं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवलं आणि घासायला लागल्या.

"हलू नका म्हटलं ना. एवढं सांगून सांगून थकली मी, कानामागं पाहा, कानामागं पाहा. लहान आहे का तुम्ही?"

पहिल्या रांगेत ऋषिकेशच्या आत्या प्रेमलताबाई बसल्या होत्या. त्यांनी विहीणबाईंना कोपरानं ढोसलं.

"ते म्हातारे कोण वं?"

"पोरीचे वडील."

"न् त्या बाई?"

"ओळखलं नाही का? एवढ्या लोकांत एवढं रागावून राहिली, म्हणजे बायकोच ना."

अनंतरावांनी ते ऐकलं आणि दुसरा कानही बायकोपुढे केला.