मालकांचा संप

चाकणच्या सुस्पष्ट वायपर कंपनीत एका सोमवारी सकाळी कामगारवर्ग संपुष्टात आला. गोळीबार झाला नाही, कुणी कुणाच्या महालात घुसलं नाही. पहिल्या शिफ्टची माणसं गेटवर जमली तेव्हा मालक धनेशशेठ माइक घेऊन उभे होते. त्यांनी जाहीर केलं की आजपासून या कंपनीत कुणीही कामगार नाही, सगळे सहमालक आहेत. मग प्रत्येकाच्या गळ्यातलं जुनं ओळखपत्र काढून नवं घालण्यात आलं, हातावर पेढा ठेवण्यात आला, आणि शिफ्टला उशीर होत असल्यामुळे सहमालकांना पळत मशीनवर जायला सांगण्यात आलं.

ही बातमी बुद्धरत्नने जेवणाच्या सुट्टीत दत्तोबांना फोनवर कळवली. बुद्धरत्न पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करणारा तरुण पोरगा, कालपर्यंत कंत्राटी कामगार. दत्तोबा गराडे हे तिथल्या कामगार संघटनेचे अध्यक्ष. मूळचे मावळातले, जवानी लेथवर गेली, केस मोर्चात पिकले. निवृत्त होऊन चिंचवडला फ्लॅटमध्ये राहत होते, तरी औद्योगिक पट्ट्यातल्या कुठल्याही कंपनीसमोर त्यांची स्कूटर थांबली की वॉचमन आधी गेट लावून घ्यायचा. उत्पादनाची साधनं कामगारांच्या मालकीची झाली पाहिजेत, हे वाक्य त्यांनी आयुष्यभर इतक्या गेटांवर म्हटलं होतं की त्यांच्या पत्नी कुसुमताई ते भाजी निवडताना गुणगुणत असत.

आता कुणीतरी ते खरंच करून टाकलं होतं, आणि दत्तोबांना साधं विचारलंही नव्हतं.

दत्तोबा चाकणला निघाले. चौकात नेहमीप्रमाणे अडकले. परदेशी मोटारी, कंटेनर, दुधाचे टेम्पो आणि त्यांची स्कूटर असे सगळे एकाच धुरात, एकाच वेगाने उभे होते. वर्गविहीन समाज म्हणतात तो हाच असावा, असं त्यांना क्षणभर वाटून गेलं.

धनेशने केबिनच्या दारातच त्यांचे पाय धरले. त्याच्या वडिलांशी दत्तोबांनी उभा जन्म भांडण केलं होतं. शिव्या पुष्कळ मिळाल्या होत्या, पण त्या घरातलं कुणी पाया पडण्याची ही पहिलीच वेळ.

"काका, स्वप्न तुमचं," धनेश म्हणाला. "मी फक्त अंमलबजावणी केली."

"मशिनी कामगारांच्या झाल्या?"

"कंपनी त्यांची झाली. मशिनी भाड्याच्या आहेत."

"कुणाकडून भाड्यानं?"

"मिसेसच्या फर्मकडून. शेड आईच्या नावावर आहे. पण काका, वायपर सगळेच्या सगळे त्यांचे."

"आन् तू कोण मग?"

धनेशने गळ्यातलं कार्ड पुढे केलं. त्यावर 'कर्मचारी' असं लिहिलं होतं. "मी त्यांचा नोकर. ठेवतील तोवर राहीन."

दत्तोबांनी ओव्हरटाइमचा विषय काढला, कारण तो बंद झाल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. धनेशला या प्रश्नाचं वाईट वाटलेलं दिसलं. "बाबा रोज रात्री उशिरापर्यंत बसायचे. त्यांनी कधी ओव्हरटाइम मागितला? मालक मागणार तरी कुणाकडे? सुट्टीचंही तेच. अर्ज कुणाच्या टेबलावर ठेवणार?"

धनेश परदेशात बाजार आणि नीती या विषयाचा अभ्यास करून आला होता, त्यामुळे त्याचं कुठलंही म्हणणं अर्ध्यावर थांबत नसे. "बाजारात जबरदस्ती नसते, काका. दोन स्वतंत्र माणसं समोरासमोर बसतात, राजीखुशीने सही करतात. या सगळ्यांनी राजीखुशीने सही केली आहे."

"आन् सही केली न्हाई तर?"

"तर गेटच्या बाहेरही ती तितकीच स्वतंत्र असतात."

दत्तोबा घरी आले आणि त्यांनी कपाटातले जाडजूड ग्रंथ काढले. या माणसाची लबाडी कुठल्या पानावर सापडते ते त्यांना पाहायचं होतं. जिथे उघडावं तिथे धनेशचंच म्हणणं छापलेलं. मालकी कामगारांची, माणूस स्वतःच्या श्रमाचा धनी, कुणी कुणाचा नोकर नाही. त्यांनी ग्रंथ परत कपाटात ठेवले आणि कधी नव्हे ते कपाटाचं दार लावून घेतलं.

कंपनीत मात्र आनंदीआनंद होता. काहींनी मोटरसायकलच्या नंबरप्लेटवर 'मालक' रंगवून घेतलं. बुद्धरत्नच्या आईने त्याच्या लग्नाच्या बायोडेटात 'कंपनीचे मालक' असं लिहिलं आणि एकदम बरी स्थळं येऊ लागली. पिंकी नावाची एक मुलगी त्याला मनापासून आवडली. तिने फोन करून विचारलं, रविवारी भेटायचं का. बुद्धरत्न म्हणाला, रविवारी जमणार नाही, मालकांना डबल शिफ्ट आहे. पिंकीने त्यानंतर फोन उचलला नाही.

मग खंडूचा हात प्रेसमध्ये आला.

खंडू हा बीडकडून आलेला अबोल माणूस. मशीनला संरक्षक जाळी नव्हती. उजव्या हाताची दोन बोटं गेली. जाळी नसल्याबद्दल कायद्याने मालकाला नोटीस निघते. ती निघाली, आणि खंडूच्या नावाने निघाली. भरपाईचा अर्ज घेऊन त्याची बायको ऑफिसात गेली, तेव्हा तिला खुर्ची देऊन समजावण्यात आलं की मालक स्वतःच्याच मशीनवर जखमी झाला तर त्याला भरपाई देणारा दुसरा कुणी नसतो. उलट, निष्काळजीपणे कारखाना चालवल्याबद्दल मालकांवर खटला होऊ शकतो. पण कंपनी त्यांच्या पाठीशी आहे, म्हणजे ते स्वतःच स्वतःच्या पाठीशी आहेत.

दत्तोबा हॉस्पिटलमध्ये गेले. खंडूने बांधलेला हात छातीशी धरला होता. तो हळूच म्हणाला, "काका, जाळी मीच बसवायला हवी होती का? मला कुणी सांगितलंच नाही की मी सांगायचं."

दत्तोबा बाहेर आले. जिन्यात बसून राहिले. बुद्धरत्न शेजारी येऊन उभा राहिला, तेव्हा त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "संप."

दुसऱ्या दिवशी गेटवर लाल झेंडा लागला. दत्तोबांनी घोषणा द्यायला हात वर केला, 'मालकशाही' हा शब्द अर्धा बाहेर पडला आणि समोरच्या सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी नुसतंच 'जिंदाबाद' म्हणायचं ठरलं. कुणाचं, ते मोघम ठेवण्यात आलं. धनेश डबा घेऊन कामावर आला होता. त्याला गेटवरच अडवलं. तो शांतपणे झाडाखाली जाऊन बसला आणि त्याने फोनवर स्वतःचा फोटो काढून घेतला.

प्रकरण सरकारी कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्यांकडे गेलं. तनुजा मॅडम या प्रामाणिक बाई होत्या. त्यांना कायदा तोंडपाठ होता आणि दोन्ही बाजूंचं पूर्ण ऐकून घ्यायची खोड होती. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "दत्तोबा, हा संप नाही."

"म्हंजी?"

"संप कामगार करतात. मालकांनी काम बंद केलं तर त्याला टाळेबंदी म्हणतात. तुम्ही नोटीस दिली नव्हती, तेव्हा ही बेकायदा टाळेबंदी आहे. टाळेबंदीच्या काळातला पगार कामगारांना द्यावा लागेल."

"द्या की," बुद्धरत्न उत्साहाने म्हणाला. "आम्हीच घेतो."

"तुम्ही मालक आहात. तुम्ही द्यायचा आहे. या कंपनीत कामगार कोण आहे?"

मागच्या बाकावरून धनेशने हात वर केला.

त्याच्याकडे नेमणूकपत्र होतं, पगाराची पावती होती, झाडाखालचा फोटो होता. मॅडमनी विचारलं, तुमच्या वतीने कोण बोलणार. धनेशने दत्तोबांकडे बोट केलं. संघटनेची वर्गणी त्याने पेढे वाटले त्या सोमवारीच भरली होती. संघटनेच्या घटनेत कलम होतं की श्रमिक एकटा असला, दुबळा असला, अप्रिय असला, तरी संघटना त्याची बाजू मांडण्यास बांधील राहील. कलम दत्तोबांनीच लिहिलं होतं, त्या वेळी त्यांचं वय लहान आणि अक्षर चांगलं होतं.

"ह्याला आम्ही काढून टाकतो," बुद्धरत्न म्हणाला. "मालक आहोत ना आम्ही? मग काढला कामावरून. विषय संपला."

तनुजा मॅडमनी दत्तोबांकडे पाहिलं. दत्तोबा खाली पाहत होते. त्यांच्या तोंडून शब्द निघाले तेव्हा आवाज दुसऱ्याच कुणाचा असावा तसा आला. "तक्रार चालू असताना कामगाराला कामावरून काढता येणार न्हाई. सूडबुद्धीची कारवाई हाय ती." हा मुद्दा टिकावा म्हणून त्यांनी एकेकाळी लाठ्या खाल्ल्या होत्या.

मग ते बोलत गेले. सुरुवातीला अडखळले, पण त्या माणसाला एकदा 'कामगार' हा शब्द मिळाला की पुढचं आपोआप येत असे. एकटा श्रमिक आणि त्याच्यासमोर मालकांची फौज, डबा घेऊन आलेल्या माणसाला गेटवर अडवणारी सत्ता, भांडवलाचा माज, सगळं आलं. बोलताना त्यांचं बोट समोरच्या बाकाकडे वळलं. तिथे खंडू बसला होता, हातावर पट्टी बांधून. बोट मागे घ्यायला दत्तोबांना थोडा उशीर झाला.

ते जिंकले. धनेशला पूर्ण पगार, मानसिक त्रासाबद्दल भरपाई आणि मालकांकडून लेखी माफी मिळाली. सहमालकांनी ती रक्कम मशीनभाड्यासोबत हप्त्याने द्यायची ठरली. खंडूला डाव्या हाताने सही करावी लागली. बाहेर आल्यावर धनेशने दत्तोबांना घट्ट मिठी मारली आणि म्हणाला, "काका, लढे असेच असतात." दत्तोबांना कित्येक वर्षांनी खटला जिंकल्याचं बरं वाटत होतं, आणि हे बरं वाटणं काही केल्या आवरेना. बुद्धरत्न शिफ्टला निघून गेला. खंडूने जाताना नमस्कार केला, तोही एका हाताने.

संध्याकाळी दत्तोबा घरी आले. कुसुमताईंनी चहा ठेवला. स्वयंपाकघरात सोजरबाई भांडी घासत होत्या. बरीच वर्षं त्या या घरी येत. दत्तोबांना पाहून त्यांनी नळ बंद केला.

"दादा, आठवड्यातनं एक दिस सुट्टी द्या म्हणते. कमरंनं लई तरास मांडलाय."

कुसुमताईंनी दत्तोबांकडे पाहिलं. रविवारी सूनबाई येणार होत्या, शनिवारी कामगारप्रश्नांच्या अभ्यासमंडळाची माणसं जेवायला. दत्तोबांचा कप हातातच राहिला. आज सगळ्यांनीच आपल्याला परकं केलं, आता सोजरबाईंनीही करावं, असं त्यांना मनापासून वाटलं.

"सोजरबाई," ते म्हणाले, "असं परक्यागत काय बोलता? तुमी काय कामवाल्या हाय का आमच्या? घरच्याच हाय तुमी. घरच्या माणसाला कुणी सुट्टी देतं का?"

सोजरबाईंनी कढई उपडी घातली, पदराला हात पुसले.

"व्हय," त्या म्हणाल्या. "समद्याच घरी मी घरचीच हाय."

आणि चपला घालून पुढच्या घरी निघाल्या. ते घर तुमचं आहे. बेल वाजली की दार उघडा, आणि आज उशीर का झाला ते विचारा. प्रेमानेच विचारा, घरच्यांना विचारतात तसं.